शितावरून भाताची परीक्षा होत नाही तेव्हा

उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून काढलेली रक्ताची पिशवी टेबलावर ठेवताना आवाज होता कामा नये. हाताखाली नवीन माणूस आला की मी त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवते. एवढ्या थंडीत प्लास्टिक काचेसारखं ठिसूळ झालेलं असतं. जरासा धक्का लागला तर शिवणीजवळ केसाएवढी चीर पडते आणि ती तेव्हा दिसत नाही. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास वितळली, की बाहेरच्या आवरणात एक तांबडा थेंब उतरतो. तो दिसला की ती पिशवी संपली. दहा वर्षं जपलेली असली तरी संपली.

मी मूळची तासगावची. मिरजेला डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केला, सहा वर्षं परळच्या एका रुग्णालयाच्या ब्लड बँकेत काढली, लग्नानंतर अमेरिकेला आले आणि इथल्या परीक्षा नव्याने दिल्या. आता चौदा वर्षं झाली, मिडवेस्टमधल्या एका रक्तकेंद्रात गोठवलेल्या तांबड्या पेशींचं काम बघते. गोठवणं, वितळवणं, धुणं, आणि पिशवी रुग्णाला द्यायच्या लायकीची आहे की नाही ते तपासणं. घरच्यांना मी ‘ब्लड बँकेत आहे’ एवढंच माहीत आहे. आण्णांना मात्र हे काम नीट कळायचं, कारण आमच्या घरात बेदाणा होता.

आण्णा शेडवरचा बेदाणा ग्रेडिंग करून पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरायचे आणि भाव नसला की कोल्ड स्टोरेजला लावायचे. ते एक गोष्ट नेहमी सांगायचे: कोल्ड स्टोरेज माल सुधारत नाही. आत जसा गेला तसा बाहेर आला तर नशीब. म्हणून बॉक्स आत जायच्या आधी ते स्वतः मूठभर बेदाणा तळहातावर घेऊन बघायचे. माझ्या कामातली अर्धी गोष्ट एवढीच आहे. बाकी अर्धी अवघड आहे. ती अशी, की आमच्या पिशवीत हात घालून मूठभर बघता येत नाही.

मुळात रक्त गोठवायचं कशाला, हा प्रश्न मला सगळे विचारतात. साधी पॅक्ड सेलची, म्हणजे फक्त तांबड्या पेशींची पिशवी फ्रीजमध्ये १ ते ६ अंशांवर ४२ दिवस टिकते, आणि ए, बी, ओ गटाच्या रुग्णांना तेवढं पुरतं. काही माणसांचे रक्तगट मात्र इतके दुर्मिळ असतात, की त्यांना चालणारं रक्त त्या ४२ दिवसांत त्या शहरात असेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मराठी माणसाला सांगायला उदाहरण आपल्याच घरचं आहे, बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगासमोर मांडला. या माणसांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थच नसतो. ए आणि बी हे दोन्ही एचवरच बनतात, आणि ओ गटाच्या पेशींवर तर एच सगळ्यात जास्त असतो. साध्या ग्रुपिंगमध्ये ही माणसं ‘ओ’ म्हणून निघतात, पण त्यांच्या रक्तात एचविरुद्ध जोरदार अँटिबॉडी असते. ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. मुंबईकडे दहा हजारांत एखादा असा निघतो, युरोपात दहा लाखांत एक.

परळला असताना एकदा संध्याकाळी मी एका ‘ओ’ रुग्णाचं क्रॉसमॅच लावलं होतं, म्हणजे त्याचं रक्त दात्याच्या पिशवीशी जुळतं का ते बघत होते. चार पिशव्या लावल्या आणि चारही नळ्यांत गुठळ्या. पाचवी लावली, तीही तशीच. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सीनियर मॅडमनी नळ्या बघितल्या आणि विचारलं, “अगं, अँटी-एच लावून बघितलंस का?” रुग्ण बॉम्बे ग्रुपचा निघाला. त्या रुग्णासाठी यादीतून शोधलेला दाता रात्री साडेदहाच्या लोकलने आला होता. ऑफिसची बॅग खांद्याला होती. रक्त देऊन बिस्किटं खाल्ली आणि शेवटची गाडी पकडायला पळाला. तो माणूस तेव्हा गावाला गेला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गोठवलेली पिशवी म्हणजे गावाला न जाणारा दाता.

पण नुसतं गोठवलं तर पेशी मरतात. पाण्याचा बर्फ होताना उरलेलं पाणी खारट होत जातं, आतबाहेरचा तोल जातो आणि वितळल्यावर पिशवीत तांबडं पाणी उरतं. यावरचा उपाय सापडला तो ग्लिसरॉलचा, म्हणजे आपल्या ग्लिसरीनचा. १९४९ साली लंडनला पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघं कोंबड्याचे शुक्राणू गोठवायच्या खटपटीत होते. थंड खोलीत ठेवलेल्या साखरेच्या द्रावणाची एक बाटली वापरल्यावर अचानक यश आलं. बाटली तपासली तर आत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. लेबलांची अदलाबदल झाली असावी असं मानतात. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सगळ्यात जास्त भावलं ते हे, की त्यांनी उरलेली बाटली तपासायला पाठवली. काम झालं, लेबल काय म्हणतंय ते म्हणू दे, असं म्हणून ते पुढे गेले नाहीत. पुढच्याच वर्षी ऑड्री स्मिथनी तेच ग्लिसरॉल तांबड्या पेशींना वापरून दाखवलं, आणि १९५१ मध्ये मॉलिसन आणि स्लोव्हिटर यांनी गोठवून वितळवलेल्या पेशी माणसाला दिल्या.

आम्ही आजही तेच ग्लिसरॉल घालतो, शेवटचं प्रमाण साधारण ४० टक्के. ते घालणं हे घाईचं काम नव्हे. पिशवी फ्रीजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला, निदान २५ अंशांना आणायची. शेकरवर ठेवून पहिले १०० मिली हळूहळू सोडायचे. मग शेकर बंद करून थांबायचं, म्हणजे ग्लिसरॉल पेशींच्या आत मुरतं. उरलेलं त्यानंतर, तेही टप्प्याटप्प्याने. पेशी थंड असताना ग्लिसरॉल नीट आत शिरत नाही, म्हणून आमच्या नोंदीत तापमानाचा वेगळा रकाना आहे. हा रकाना लक्षात ठेवा, पुढे त्याची गोष्ट आहे.

खरी परीक्षा वितळवल्यावर सुरू होते. ग्लिसरॉलने भरलेल्या पेशी तशाच रुग्णाला दिल्या तर त्या रक्तात पडताक्षणी पाणी ओढून फुटतील. बेदाणा पाण्यात टाकला की कसा टम्म फुगतो, तसं. फरक एवढाच, की बेदाण्याची साल ताण सोसते, पेशीचं आवरण सोसत नाही. म्हणून तिला उलट्या वाटेने हळूहळू परत आणावं लागतं. आधी १२ टक्के मिठाचं पाणी घालून पाच मिनिटं थांबायचं, मग १.६ टक्क्यांच्या पाण्याने धुवायचं, आणि शेवटी साध्या ०.९ टक्के सलाइनमध्ये थोडं डेक्स्ट्रोज घालून. मशीन फिरत असतं आणि बाहेर जाणाऱ्या नळीतलं पाणी गडद तांबड्यावरून गुलाबी, गुलाबीवरून फिकट होत जातं. मी त्या नळीमागे पांढरा कागद धरून बघते. शेजारी रंगाचा तक्ता असतो, पुढे आकडेही येतात, तरी डोळे आधी कागदाकडे जातात. आण्णा सौद्यात बेदाणा खिडकीच्या उजेडात नेऊन बघायचे, तसंच हे आहे.

मग आकडे. गोठवायच्या आधी पिशवीत किती हिमोग्लोबिन होतं आणि धुतल्यावर किती उरलं, म्हणजे किती पेशी वाचल्या. सरासरी ८० टक्के तरी हव्यात. फुटलेल्या पेशींतून बाहेर सांडलेलं हिमोग्लोबिन किती, कारण मोकळं हिमोग्लोबिन मूत्रपिंडाला त्रास देतं. अमेरिकेत हिमोलिसिस, म्हणजे पेशी फुटण्याचं हे प्रमाण, १ टक्क्याच्या आत चालतं, युरोपात ०.८ च्या. शिवाय युरोपातल्या नियमात असं धरलंय, की धुतलेल्या अख्ख्या पिशवीत वरच्या पाण्यातलं हिमोग्लोबिन ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त नसावं. आणि ग्लिसरॉल किती मागे राहिलं ते ऑस्मोमीटर सांगतो. हे यंत्र मला फार आवडतं, कारण ते स्वतःच नमुना गोठवून, तो किती अंशांवर गोठला यावरून उत्तर काढतं. एक टक्का ग्लिसरॉल मागे राहिलं तर आकडा सुमारे १०९ ने वर जातो, म्हणून न धुतलेलं काही लपून राहात नाही. अमेरिकेत एक टक्क्याच्या आत चालतं. युरोपात शेवटच्या द्रावणापेक्षा जास्तीत जास्त २० ने वर. मी काम अमेरिकेत करते, पण मनात माप युरोपातलंच ठेवते. पेशी एक टक्का ग्लिसरॉल सोसतात हे खरं आहे, पण मशीन नीट धूत असेल तर आकडा तिथवर जाण्याचं कारण नाही, आणि गेला तर काहीतरी बिघडायला लागलंय हे मला आजच कळायला हवं.

जंतूंची तपासणीही करतो, पण कल्चरचा निकाल यायला दिवस लागतात. उघड्या पद्धतीने, म्हणजे नळ्या जोडताना आतला भाग हवेला उघडा पडेल अशा रीतीने, धुतलेली पिशवी मात्र २४ तासांतच द्यावी लागते. बंद पद्धतीच्या नव्या मशीनवर धुतलेली १४ दिवस चालते, हा आमच्यासाठी मोठाच दिलासा आहे.

आता मूळ अडचण. आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. कारखान्यात हजार बाटल्या बनल्या तर दहा फोडून बघतात आणि बाकीच्या पास करतात. आम्हीही दर महिन्याला साध्या ओ किंवा ए गटाच्या पिशव्या गोठवतो, वितळवतो, तपासतो आणि फेकून देतो. त्यातून मशीन, द्रावणं आणि आमचे हात ठीक आहेत एवढं कळतं. दुर्मिळ पिशवीबद्दल काहीच कळत नाही. ती एकेका माणसाची, एकेका दिवशी, एकेका हाताने गोठवलेली असते. ती फोडून बघितली तर संपते, न बघितली तर आत काय आहे ते रुग्ण दारात उभा असतानाच समजतं. प्रत्येक पिशवी हा वेगळा भात आहे.

हे मला पहिल्यांदा दाखवलं एका जेली झालेल्या पिशवीने. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षाची गोष्ट. ‘यू’ निगेटिव्ह नावाचा दुर्मिळ गट आहे, आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडणारा. तशी एक जुनी पिशवी वितळवली, १२ टक्क्यांचं पाणी घातलं, धुवायला लावली, आणि मशीनच्या भांड्यात पेशी पसरेनात. मऊ, चिकट गोळा झाला. घावन तव्याला चिकटावं तशा त्या भांड्याला चिकटल्या. मला काही सुचेना. पन्नाशीतली माझी तेव्हाची सहकारी आली, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, “सिकल ट्रेट.” म्हणजे दाता सिकलसेलचा वाहक. स्वतः ठणठणीत, पण त्याच्या पेशींत निम्म्याहून थोडं कमी हिमोग्लोबिन सिकलचं. अशा पेशी गोठवताना काही बोलत नाहीत, धुताना खारट पाण्यात घोटाळा करतात. आता गोठवायच्या आधी दात्याची सिकलची चाचणी होते आणि अशा पिशव्यांसाठी धुण्याची वेगळी पद्धत आहे. ती पिशवी त्याआधीची होती. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल किती आहे हे आपल्याला माहीत आहे. उद्या महाराष्ट्रात कुणी दुर्मिळ रक्त गोठवायचं मोठं काम काढलं, तर पहिल्या दिवसापासून ही चाचणी त्यात असावी असं मी कळकळीने सांगेन.

आणि आता ती रात्र. काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. जानेवारी महिना, बाहेर बर्फ, रात्री पावणेदहाला फोन. एका बाईंचा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, हिमोग्लोबिन ५ च्या खाली, बॉम्बे ग्रुप. आमच्याकडे दोन पिशव्या होत्या. एक आम्हीच गोठवलेली, दुसरी बाहेरच्या एका केंद्राकडून काही वर्षांपूर्वी आलेली. दोन्ही नऊ वर्षांच्या आसपास जुन्या. बाहेरून आलेलीची मुदत आधी संपणार होती, म्हणून नियमाप्रमाणे ती आधी काढली.

वितळली छान. कुठे चीर नाही, गळती नाही. धुवायला लागली, आणि मी नळीमागे कागद धरून उभी राहिले. गडद. आणखी गडद. फिकट व्हायच्या वेळेला गुलाबी, आणि तिथेच अडकली. शेवटचं पाणी गेलं तरी कागदावर गुलाबी छटा होती. आकडे काढले. गोठवताना पिशवीत ५६ ग्रॅम हिमोग्लोबिन होतं, आता ३५ उरलं होतं. त्रेसष्ट टक्के. हिमोलिसिस १.८.

रुग्णालयातून दर दहा मिनिटांनी फोन. अशा वेळी मन काय काय सुचवतं हे मी लपवणार नाही. त्रेसष्ट टक्के म्हणजे उरलेल्या पेशी तर जिवंत आहेत. जगात दुसरी पिशवी जवळ नाही. आकडा लिहायला थोडा उशीर केला तर कुणी विचारणार नाही. मी आकडा लिहिला, खाली ‘नापास’ लिहिलं, आणि आमच्या वैद्यकीय संचालकांना उठवलं. त्यांना सगळे आकडे वाचून दाखवले. अपवाद म्हणून सही करून अशी पिशवी द्यायचा अधिकार त्यांना आहे, मला नाही, आणि तो तसाच असायला हवा. पिशवी धुणारा आणि पास करणारा एकच माणूस असू नये. ते म्हणाले, “दुसरी काढ. ही पुन्हा एकदा धुऊन राखीव ठेव. दुसरी फसली तर हिच्यावर मी सही करतो.”

दुसरी वितळेपर्यंत मी पहिलीचे कागद काढून बसले. दात्याची सिकल चाचणी निगेटिव्ह. रक्त काढल्यापासून पाचव्या दिवशी गोठवलेलं, म्हणजे सहा दिवसांच्या मुदतीत. ग्लिसरॉलचा लॉट ठीक. वजन ठीक. पेशींचं तापमान हा रकाना कोरा. कुणीतरी नऊ वर्षांपूर्वी, कदाचित शिफ्ट संपत आली असताना, कदाचित घरी मूल आजारी असताना, पिशवी फ्रीजमधून काढून तशीच थंड शेकरवर चढवली असेल. मी ते सिद्ध करू शकत नाही. दुसरं कारण मात्र मला त्या कागदांत सापडलं नाही. आमच्या केंद्राने पिशवी घेताना हे कागद तपासायला हवे होते, आणि तपासणाऱ्यांत मीही होते.

दुसऱ्या पिशवीच्या डब्यावर त्याच सहकारीची अक्षरं होती, जिने मला सिकल ट्रेट ओळखून दाखवलं होतं. ती निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिच्या नोंदीत सगळे रकाने भरलेले. तापमानाच्या पुढे २७, आणि शेजारी शेकर बंद केल्याची आणि पुन्हा चालू केल्याची वेळ, मिनिटासकट. पिशवी धुतली. नळीतलं पाणी टप्प्याटप्प्याने उतरत गेलं आणि शेवटी कागद कागदासारखा पांढरा दिसला. श्याऐंशी टक्के. हिमोलिसिस ०.४. ऑस्मोमीटर ३०९, म्हणजे तोही ठीक. पिशवी गोठवली त्या २००९ साली झिका विषाणूची चाचणी नव्हतीच, तेवढ्यासाठी तिथल्या डॉक्टरांची सही घ्यावी लागली. क्रॉसमॅचच्या नळीत एकही गुठळी नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली.

त्या बाई सुधारल्या. पहिली पिशवी लागली नाही. चोवीस तास झाल्यावर मी स्वतः ती लाल डब्यात टाकली. कुणा आपल्याकडच्याच माणसाने, आईबापांकडून मिळालेलं हे दुर्मिळ रक्त, दंडात सुई टोचून घेऊन दिलं होतं. मला तेव्हा रडू आलं.

त्यानंतर आम्ही बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पिशवीचे गोठवण्याचे कागद ती फ्रीजरमध्ये जायच्या आधी वाचायला लागलो. रकाना कोरा असेल तर पाठवणाऱ्याला फोन जातो, आणि उत्तर मिळालं नाही तर डब्यावर पिवळा ठिपका लागतो. मुदत आधी संपत असली तरी ठिपकेवाली पिशवी आता पहिल्यांदा काढायची नाही, शक्य असेल तर दोन्ही एकदम वितळवायला घालायच्या. हे बसवायला आठ महिने लागले, कारण कागद वाचणं हे काम आहे असं कुणाला वाटत नाही.

गेल्या मंगळवारी एक नवा दाता आला, बॉम्बे ग्रुपचा. सांगलीकडचाच निघाला, म्हणून जरा जास्तच बोललो. त्याला स्वतःचा गट कळला होता बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी. त्याची पिशवी मी काल गोठवली. फ्रीजमधून काढून ठेवली आणि हात लावून बघावंसं वाटलं तरी लावला नाही, थर्मामीटर लावला. १९. थांबले. २३. हाताखालचा मुलगा म्हणाला, “पुरे ना आता?” मी म्हटलं, “नाही रे, अजून नाही.” २६ झाल्यावर रकान्यात २६ लिहिलं आणि ग्लिसरॉलचा क्लँप सोडला.